मंडईतला नाच्या

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. धान कापणीला आलेला असतो, तरी लेकीबाळी, जावई, सोयरे यायचे ते येतातच. दिवसा बाजार आणि दंडारीचे खेळ, रात्री नाटक. गोरेगावजवळच्या अशाच एका मंडईत भरदुपारी मी खडी गंमत हे उभ्याने रंगणारे लोकनाट्य पाहिले.

मंच नाही, पडदा नाही. शाहीर, ढोलकीवाला, चोनकेवाला उभे. लोकही चहूबाजूंनी उभे. गण झाला, गौळण लागली, आणि लुगडे नेसलेला नाच्या एकटाच रिंगणात उतरला. हातभर बांगड्या, पायांत चाळ, दंड मात्र शेतात राबलेले.

पहिल्याच फेरीत त्याने गर्दी दोन पावले मागे रेटली, तीही कुणाला हात न लावता. मग पुढच्या माणसाआड दडलेल्या एका म्हाताऱ्याला हेरून तो थेट त्याच्यापुढे थांबला. "काहून लपता जी मामाजी?" रिंगण खदखदून हसले. म्हाताराही हसला, पुढे आला आणि त्याने दहाची नोट काढली. नाच्याने ती ढोलकीच्या समेवर उचलली, गिरकी घेत शाहिराकडे नेली, आणि शाहिराने देणाऱ्याचे नाव गाण्यातच गुंफले. एक लेकरू भेदरून रडू लागले, तेव्हा नाच्या त्याच्यासमोर उकिडवा बसून नुसत्या डोळ्यांनी आणि मनगटांनी नाचला. लेकरू गप्प झाले.

पुरुष बाई होऊन नाचतो याचे लोकांना हसू येते, असा बाहेरून आलेल्यांचा समज असतो. मला तो पटत नाही. समोरचा चेहरा वाचून पुढचे पाऊल ठरवणे ही मोठी कला आहे, आणि लोक दाद देतात ती तिला.

नाच्यासारखीच, मंचाविना, 2014 मध्ये एइको ओताके ही जपानी नर्तकी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकात, प्रवाशांच्या वर्दळीत, एकटी नाचली. नृत्यजगताने त्याची गंभीरपणे दखल घेतली. आपल्याकडे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाच्या, बोलीचा आणि लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तीही झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी. खडी गंमतीतला नाच्या मात्र अजून नृत्याच्या चर्चेत येत नाही. तो यायलाच हवा.

यंदा भाऊबीजेनंतर इकडे या. रिंगणात अगदी पुढे उभे राहा, आणि नाच्या तुमच्यापुढे येऊन थांबला तर मागे सरू नका.