सहा जणी पुष्कळ झाल्या

शोळिंगनल्लूर, चेन्नई

तीर्थस्वरूप मावशीस,


परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या भजनी मंडळात आता सहाच जणी उरल्या, पेटीवाल्या काकूंना खाली बसवत नाही, तेव्हा आषाढी झाली की मंडळ बंद करावं. मी काही बोलले नाही. फोनवर तुझ्याशी वाद घालून आपल्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद पुढे ओढला. मावशी, मंडळ बंद करू नकोस. सहा जणी पुष्कळ झाल्या.

आमचं इथलं ऐक. शोळिंगनल्लूर हे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचं गाव. 2011 मध्ये ते चेन्नई महापालिकेत आलं, पण त्याआधीच रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि आमच्यासारख्यांचे मनोरे उभे राहिले होते. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, त्याच्या पलीकडे समुद्र, वायव्येला पळ्ळिकरणैची पाणथळ. एवढं पाणी भोवताली आणि प्यायचं टँकरने येतं. महाराष्ट्र मंडळ आहे, पण ते वेपेरीला, इथून फार लांब. कामावरून येऊन पोराबाळांसकट तिकडे जायचं म्हणजे परतेपर्यंत मध्यरात्र. म्हणून आसपासच्या दोन-तीन इमारतींतले आम्ही एकमेकांच्या बैठकीच्या खोलीत भजनाला जमतो. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. एकादशी कामाच्या दिवशी आली तर तिला शनिवारपर्यंत थांबायला सांगतो. विठोबाची अजून तक्रार आलेली नाही. कधी खोली भरून दारात चपलांचा ढीग पडतो, कधी दिवाळीच्या आगेमागे इथला पाऊस कोसळत असला की तुमच्यापेक्षाही कमी माणसं असतात.

आणि सगळी मराठीच असतात असंही नाही. पुण्याची, नागपूरची, बेळगावची घरं आहेत. एक तेलुगू जोडपं आहे. तंजावूरकडचे एक मराठी आजोबा आहेत, ज्यांच्या घराण्याने तीनशे वर्षांत महाराष्ट्र पाहिला तो पंढरीच्या वाटेवर तेवढा. आणि खालच्या मजल्यावरच्या एक तमिळ पाट्टी, म्हणजे आजी. यांना मराठीत पाणी मागता येत नाही, पण तुकोबांचे अभंग तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ. त्यांची वही मी पाहिली. सगळे अभंग तमिळ लिपीत. त्या लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर, म्हणून अक्षरांच्या डोक्यावर बारीक दोन, तीन, चार असे आकडे घातलेले, कुठला ‘क’ ते कळावं म्हणून. ही इथली जुनीच रीत आहे. त्यांनी ते अभंग आईकडून घेतले, आईने गावातल्या भजनमठात ऐकले होते.

मठात ते कसे आले, ही गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तुम्ही सांगलीकर 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तिथून मराठी नाटक सुरू झालं, अशा रुबाबात असता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावूरच्या गादीवर बसले, त्यांचे पुत्र शहाजीराजे 1684 मध्ये गादीवर आले, आणि या शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. म्हणजे भाव्यांच्या आधी सव्वाशे वर्षांहून जास्त. रागावू नकोस, नाट्यपंढरी तुमचीच. पुढे दुसरे सरफोजीराजे तर आणखी अवलिया. तमिळ कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचं नृत्यनाट्य, हा प्रकार त्यांनी उचलला आणि ‘देवेंद्र कुरवंजी’त त्या बाईच्या तोंडून मराठीत जगाचा भूगोल वदवला. खंडं, देश, सगळं गाण्यात. शाळेत मला असा भूगोल मिळाला असता तर मार्कांवरून तुझ्याकडे सांगलीला पळून यावं लागलं नसतं.

दरबाराबरोबर रामदासी मठ आले, मठांबरोबर कीर्तन आलं. मेरुस्वामी नावाचे एक रामदासी इतकं गोड गात की त्यांना कोकिळकंठ म्हणत. ते पार त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले आणि मराठी धाटणीचं आख्यान तिथं रुजवलं. मग 1855 मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी तंजावूर खालसा केलं. इथंच सगळं संपायचं. पण गंमत बघ, 1864 च्या सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार तंजावुरात आले, त्यांची कीर्तनं लोकांनी चातुर्मासभर ऐकली, आणि कृष्ण भागवतर नावाच्या एका तरुण तमिळ गवयाने ती रीत आत्मसात केली. साकी, दिंडी, अभंग, ओवी तशाच ठेवल्या, निरूपण तमिळमध्ये आणलं, राग कर्नाटकी घेतले, हातात चिपळ्या. आज तमिळनाडूत हरिकथा म्हणून जे ऐकायला मिळतं ते या घडीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वतीबाई नावाच्या बाई हरिकथेला उभ्या राहिल्या तेव्हा बाईने कथा सांगायची म्हणून केवढा गहजब झाला. त्यांनी गहजबाला न जुमानता उभं आयुष्य कथा केली. तुला आजोबांनी पेटी शिकू दिली नव्हती, त्याची आठवण झाली.

तंजावूरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे, 1803 सालचा, भिंतच्या भिंत मराठीने भरलेली. मी पाहून आले. शेजारून माणसं फोटो काढत पुढे जात होती. सरफोजीराजांनी दगडात कोरून ठेवलेली मराठी वाचायला तिथं क्वचितच कुणी थांबतं, आणि कुणीच कुठे न कोरलेली मराठी पाट्टींच्या तोंडात आहे. मला वाटतं याचं कारण भजनाच्या घडणीतच आहे. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तोच उचलायचा. ज्याला शब्द कळत नाही त्यालाही उचलावाच लागतो. तीन वेळा उचलला की तो त्याचा होतो. इथल्या तमिळ भजनातही असंच आहे: पुढचा नाम घेतो, सगळं घर झेलतं. पापनाशम शिवन यांच्यासारखा मोठा रचनाकार मार्गळी या तमिळ महिन्यात पहाटे मैलापूरच्या कपालीश्वर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून भजन म्हणत फिरायचा आणि लोक मागे चालायचे. तिकीट काढून शिवन ऐकायचे नव्हते, त्यांच्या मागून गायचं होतं.

टाळेबंदीत हे आम्हाला चांगलंच कळलं. सगळे आपापल्या पडद्यावर बसलो, पहिला चरण झाला आणि उचलायला गेलो तर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचत होता. टाळ तर विचारूच नकोस. शेवटी एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून माना डोलवायच्या असं ठरलं. गाणाऱ्या सगळ्या सुरेल होत्या. तरी दोन-तीन बैठकींतच लोक गळू लागले. ऐकायला काय, मोबाइलवर भीमसेनजी आहेतच.

म्हणून मला त्या भजनस्पर्धांचा राग आहे, मावशी. तू चिडशील, पण लिहिते. तुमचं मंडळ भरात होतं तेव्हा श्रावणात कट्ट्यावर बसून गायचं. मग स्पर्धा आल्या. एका रंगाच्या साड्या आल्या, ‘हिचा आवाज फुटतो, हिला मागे बसवा’ आलं, बारा मिनिटांत गजर, अभंग, गौळण बसवणं आलं. ढाली मिळाल्या, कपाटावर आहेत. पण मागे बसवलेल्या बायका एकेक करून घरी राहिल्या. त्या सगळ्या काही वारल्या नाहीत. त्यातल्या निम्म्या तुझ्याच गल्लीत आहेत.

आमच्याकडे बेसुऱ्यांची ददात नाही. नवऱ्याचंच उदाहरण घे; त्याचा सा कुठे आहे ते तानपुऱ्याच्या पेटीलाही सापडलेलं नाही. त्याला टाळ दिले. त्या तेलुगू शेजाऱ्यांना गाणं अजिबात जमत नाही, पण ते तंजावूर शैलीची चित्रं काढतात: फणसाच्या फळीवर कापड डकवायचं, खडूच्या लगद्याने दागिने उठावदार करायचे, त्यावर सोन्याचा वर्ख, मध्ये काचेचे खडे. त्यांनी आम्हाला विठ्ठल काढून दिला. त्या शैलीत देव गुटगुटीत असतात, बाळकृष्णासारखे. तसाच हाही झाला, आणि हात ठेवायला कंबर सापडेना. तंजावूरचे आजोबा म्हणाले, बरोबर आहे, इथं पोंगल खाऊन राहिलाय. आता तोच आमच्या बैठकीत असतो.

नवरात्रात तर अशी सरमिसळ होते की कुणाचं काय ते कळत नाही. पाट्टींकडे गोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्या, सगळ्यांत वर लाल चंदनी लाकडाचं जुनं बाहुला-बाहुलीचं जोडपं, रोज संध्याकाळी बायका येणार, गाणार, हळदीकुंकू आणि हातात सुंडल, म्हणजे कडधान्याची उसळ. आम्ही म्हटलं, हस्त लागला आहे, भोंडला करू. हत्ती रांगोळीने काढायचा तर पाट्टींनी तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडले आणि ठिपक्यांभोवतून वळणं घेत, रेघ न तोडता, हत्ती उभा केला. सोंडेपाशी थोडं अडलं. फेर धरून गाणी झाली. खिरापत ओळखायची वेळ आली तर सगळ्यांना माहीत की सुंडलच असणार; मग कुठल्या कडधान्याचं ते ओळखायचं असा नियम निघाला. हरभरा, वाटाणा, चवळी करता करता शेवटी नागपूरकरांची मुलगी जिंकली. (तिला भोंडला ठाऊकच नव्हता, भुलाबाई ठाऊक होती. त्यावरून पुणे-नागपूर भांडण झालं, ते अजून मिटायचं आहे.) रामनवमीला आपण सुंठवडा वाटतो, इथं पानकम देतात: गूळ, पाणी, वेलची आणि सुंठच. उन्हाच्या दिवसांत ते पातळ करून प्यायचं शहाणपण आपल्याला का सुचलं नाही, देव जाणे.

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा तू काळजीत होतीस, फोन लागत नव्हता. पेरुंबाक्कमच्या बाजूला रस्त्यावर होड्या फिरत होत्या, आमच्या तळघरात पाणी, वीज नाही. त्या वेळी कुणाच्या घरी बाळ आहे, कुणाला इन्सुलिन थंड ठेवायचं आहे, वरच्या कुठल्या मजल्यावर एकटं म्हातारं माणूस आहे, हे सोसायटीच्या कार्यालयाच्या आधी आमच्या भजनवाल्यांना ठाऊक होतं. दूध तसंच वाटलं गेलं. त्या आठवड्यात भजन काही झालं नाही.

मागे सगळे मिळून तेन्नांगूरला जाऊन आलो. वंदवासीजवळ पांडुरंगाचं मोठं देऊळ आहे, हरिदोस गिरी स्वामींच्या प्रेरणेने बांधलेलं. कुंभकोणमजवळ गोविंदपुरम् इथंही विठ्ठल-रखुमाई आहेत, तिकडे अजून जायचंय. तू आलीस की जाऊ. हो, येच. सांगलीहून मिरज, मिरजेहून पुढची गाडी मी बघते.

तर आता काय करायचं ते सांगते. स्पर्धेच्या जुन्या साड्या वाटून टाक. मागे बसवलेल्या बायकांकडे स्वतः जा. निरोप पाठवू नकोस, निरोपाने त्या येणार नाहीत. गल्लीच्या टोकाला ते कानडी कुटुंब राहतं ना, त्या आजींना बोलव. पुरंदरदासांची पदं त्यांना येत असणार, आणि त्यांचाही विठ्ठलच आहे. पेटीवाल्या काकूंना खुर्ची द्या आणि पेटी टेबलावर ठेवा, आमच्या पाट्टी खुर्चीत बसूनच सगळं भजन ओढतात. सतरंजीवर बसलं नाही तर ते भजन नाही असं तू म्हणशील, ते मी ऐकून घेणार नाही.

आणि तुझी गौळणींची वही हवी आहे, तांबड्या पुठ्ठ्याची. आमच्याकडे अभंग उदंड, गौळणी कमी पडतात. स्पीड पोस्टाने पाठव. फोटो काढून पाठवू नकोस, तुझे फोटो नेहमी अर्धे येतात आणि धृपद कापलं जातं. पाट्टी त्यातल्या चार-पाच उतरून घेतील, मग परत करीन. त्यांच्या आवडीची एखादी चाल तुला पाठवते, ती तुमच्या सहा जणींनी बसवून बघा. ताल थोडा वेगळा आहे, तबलजीला आधी ऐकव.

काकांना नमस्कार.

तुझी,
भाची