गोंदेश्वराच्या दर्जा

नाशिकहून मोहदरी घाट ओलांडला की सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतले पत्र्याचे शेड दिसू लागतात. सिन्नर म्हणजे यादवांचं जुनं सेउणपूर, असं मानतात. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी हलवली, त्याआधीचं त्यांचं ठाणं.

इथल्या गोंदेश्वर मंदिराची शिल्पं सगळेच पाहतात, मी दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, पाहायला गेलो होतो. चौथऱ्यावर मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. घडीव काळा पाषाण, आणि दोन दगडांमध्ये चुना नाही! वजन आणि खोबणी यांच्यावरच भार तोललेला. याला आपण हेमाडपंती म्हणतो. पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री तेराव्या शतकातला, हे देऊळ त्याच्या आधीचं.

चुना भेटतो तो पेठांतल्या वाड्यांत. कळीचा चुना, वाळू, विटांची सुरखी, चुन्याच्या घाणीत कित्येक दिवस मळलेली. कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी. असा चुना भाजायला सुमारे ९०० अंश पुरतात, सिमेंटला सुमारे १४५० लागतात. शिवाय घट्ट होताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, हे लक्षात घेतलं की जुन्या दर्जेचं मोल कळतं.

आणि तरी जुन्या भिंतींना सिमेंटच थापलं जातं. ते ओल बाहेर पडू देत नाही; मग ओल विटेतून, दगडातून वाट काढते, क्षार साठतात आणि पृष्ठभागाच्या पापड्या निघतात. जुना चुना तपासणं मात्र अवघड नाही. तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो, वाळू उरते. आपल्याकडची वाळू बहुतांशी काळ्या पाषाणाची, आम्लाला न जुमानणारी, म्हणून प्रमाण बरंचसं नेमकं कळतं.

जुन्या मिश्रणांचं आणखी एक उदाहरण: वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं संशोधन राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. फ्रान्समध्ये आज चुना-भांगेच्या भिंती बांधल्या जातात.

उंच इमारती चुन्यावर उभ्या राहणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण तुमच्या वाड्याची दुरुस्ती निघाली, तर सिमेंटची गोणी मागवण्याआधी दर्जेतला मूठभर चुना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासायला द्या.