वडिलांची शेव्हरोलेट

आमच्या वडिलांची १९४८ सालची उघड्या टपाची शेव्हरोलेट चाळीस वर्षें वाड्यामागील पडवींत पडून होती. वाटण्या झाल्या तेव्हां भांडीं मोजलीं गेलीं, शेत मोजलें गेलें. गाडी मात्र कोणीच मागितली नाहीं. वडीलबंधूंचें म्हणणें, मोडींत घालावी. आमचें म्हणणें, नीट करावी. एवढ्यावरून उभयतांचें बोलणें जें खुंटलें, तें चार वर्षें खुंटलेलेंच राहिलें.

गाडी नीट करणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यालाच ठाऊक! जनरल मोटर्सचा मुंबईस शिवडीचा जुळणीचा कारखाना १९२८ सालीं निघाला व १९५४ सालीं बंद झाला. आतां सुटा भाग हवा असल्यास जुन्या बाजारांतील ढीग उपसावे, नाहीं तर परदेशाहून मागवावा. सहा सिलिंडरांचें इंजिन वृद्ध मिस्त्रींनीं सुटें करून पुन्हां बांधलें. बॅटरी सहा व्होल्टांची. हल्लींचे बारा व्होल्टांचे दिवे तिला चालत नाहींत. कापडी टपाचें माप तर जुन्या चिंध्यांवरूनच घेतलें. त्या उसवतांना शिवणींत आईचा केसांचा आंकडा सांपडला. तो आम्हीं जपून ठेवला आहे.

माघी पौर्णिमेस कचारगडाला जाण्याचें ठरलें. वहिनींनीं मध्यस्थी केली म्हणून दादा आले खरे, पण मागें बसले आणि गोंदियापासून आमगांवपर्यंत बाहेरच पाहत राहिले.

सालेकशापुढें पिवळे फेटे नि पिवळे झेंडे दिसूं लागले. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून गोंड बांधव या यात्रेस येतात. गुहेंत कोंडलेलीं बालकें पारी कुपार लिंगोनें सोडविलीं ती हीच जागा, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या गर्दींतून भर उन्हांत आमची गाडी मुंगीच्या पावलांनीं चढत होती. दरेकशाच्या अलीकडे तिनें दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

आम्हीं प्लग पाहिले, तारा पाहिल्या. तीन वर्षें जिचा खिळा न् खिळा हाताळला, तिच्यापुढें आम्ही निरुत्तर! पोरें हसूं लागलीं.

दादा मुकाट्यानें उतरले. "पेट्रोल तापलें आहे. नळींत वाफ धरली आहे," एवढेंच बोलले. एका यात्रेकरू बाईंकडून त्यांनीं तांब्याभर पाणी मागून घेतलें, खांद्यावरचा पंचा भिजविला आणि पेट्रोलच्या पंपाभोंवतीं गुंडाळला.

"बाबा असेंच करीत. तूं लहान होतास."

पंपाला गारवा येईपर्यंत झाडाखालीं बसलों. गुहेच्या तोंडची शिळा हटवितांना हिरासुका पाटालीर तिच्याखालीं चिरडला गेला, ही कथा त्या बाईंनीं सांगितली. दादांनीं तें नांव दोनदां विचारून घेतलें. मग गाडी सुरू झाली. मघां हसणाऱ्या पोरांनींच तिला चढावर हात दिला. धनेगांवाहून पुढें गुहेपर्यंत पायीं गेलों.

परततांना दादा पुढें बसले. टप उघडाच होता. दुसऱ्या गियरवरून तिसऱ्यावर आम्ही फार लवकर जातों, असें आमगांव येईपर्यंत त्यांनीं आम्हांस तीनदां सुनावलें.