पायपेटी आणि फेजर

सत्तरच्या दशकातला सायकेडेलिक आवाज आजच्या अल्बममध्ये हवा असेल, तर इफेक्ट वाजवतानाच रेकॉर्ड करावा. मागाहून चढवू नये. देवबागला समुद्राकाठच्या घरी आमच्या अल्बमचं काम चाललंय आणि या एका गोष्टीवर मी अडून बसलोय. कॉम्प्युटरवर फेजर, म्हणजे आवाज फिरता करणारा इफेक्ट, केव्हाही लावता येतो, काढता येतो. सत्तरच्या दशकात टेपवर मोजके ट्रॅक असायचे, त्यामुळे बरेच निर्णय वाजवतानाच घ्यावे लागत. वाजवणारा त्या फिरत्या आवाजाशी बोलत बोलत पुढे जायचा.

एमएक्सआर कंपनीचा ‘फेज ९०’ हा फेजर १९७४ चा. त्याला फिरवायचं बटण एकच, वेगाचं. मूळ आवाजात त्याचीच किंचित सरकवलेली प्रत मिसळते, काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात आणि त्या खाचा वरखाली फिरत राहतात. ते फिरणं ऐकू यायला लांब सूर लागतो. गिटारचा सूर विझतो. सूर धरून ठेवणारा हॅमंड ऑर्गन इथे कुठला? पण दशावताराची पायपेटी आहे! जत्रेत सुरुवातीच्या आडदशावतारापासून पहाटेच्या आख्यानापर्यंत ती सूर धरून असते. भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे.

आमच्याकडे वाजवायला आलेले बुवा आयुष्यभर दशावतारात वाजवत आलेले. मी माइक पेटीच्या मागे, सुरांजवळ लावला. तो आवाज फेजरमधून काढून अँप त्यांच्या समोरच ठेवला, हेडफोन दिलाच नाही. बुवांनी काळी दोनचा षड्ज धरला, थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. मग आवाज खाचेत बुडाला की त्यांचा पाय जोर धरायला लागला. वर आला की सैल. भात्याचा दाब आणि फेजरचं फिरणं एकमेकांत गुंतत गेलं. “पाय थांबलो काय सूर मेलो, झिला,” एवढंच म्हणाले. मागाहून लावलेल्या फेजरला हा पाय कुठून मिळणार?

मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्ट या सायकेडेलिक बँडची ‘ऑब्सेशन ७७’ मी पुन्हा पुन्हा ऐकतो. नावात ७७, रेकॉर्ड आली १९८१ मध्ये. आपल्याकडे इतक्या जवळ हे संगीत घडून गेलंय, याचा मला फार आधार वाटतो.

लाटांचा आवाज टाका, असं सगळेच सुचवतात. मी टाकणार नाही. टेम इम्पालाच्या केव्हिन पार्करने ‘इनरस्पीकर’ (२०१०) पश्चिम ऑस्ट्रेलियात समुद्राकाठच्या घरात रेकॉर्ड केला, पण तो अल्बम त्याच्या गिटारसाठी ऐकला जातो. समुद्र आमच्याकडे तसाही येतोच: खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, जॅक हिरवे पडतात.

ड्रम अजून वाजवायचेत. ड्रमरला तालाची क्लिक देणार नाही. पेटीच्या पायट्याची करकर दुसऱ्या माइकवर वेगळी घेऊन ठेवलीय. तीच त्याच्या कानात सोडणार आहे.