गर्दीतच कळते आपली प्रगती

आइस स्केटिंग म्हटलं की सिमल्याचं 1920 मध्ये सुरू झालेलं रिंक आठवतं. तिथे रात्रीच्या थंडीत पाणी गोठतं आणि सकाळी त्यावर स्केटिंग चालतं. बंगळुरूत तशी थंडी कुठली! इथे आम्ही चाकांवरच शिकतो. रविवारी कब्बन पार्कचे आतले रस्ते वाहनांसाठी बंद असतात, तेव्हा 1870 सालच्या या बागेत धावणारे, सायकलवाले, कुत्र्यांना फिरवणारे आणि स्केटिंगवाले सगळे एकत्र येतात.

तुम्हीही पंचविशीत शिकायला लागला असाल, तर या गर्दीचा राग येणारच. वेग घेता येत नाही आणि सहा वर्षांची मुलं "अक्का, साइड!" म्हणत शेजारून सुसाट निघून जातात. आई फोनवर विचारायची, "काय गं, जमतंय का?" सांगण्यासारखं काहीच नसायचं. ना गिरकी, ना उलटं स्केटिंग. पोटासाठी दिवसभर लोकांच्या जाहिराती लिहिते, एका रात्री माझे स्केट्स विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

पुढच्याच रविवारी एका चिमुरड्याचा चेंडू माझ्यासमोर आला आणि मागोमाग तो स्वतः. मी गुडघे वाकवले, पाय फाकवून चवडे आत वळवले आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. पूर्वी थांबायला मला झाड किंवा कुंपण लागायचं. त्याची आई धापा टाकत आली, तेव्हा मी शांत उभी होते.

ती जाहिरात मी त्याच दिवशी पुसून टाकली.

मोकळ्या जागेत हे मला कधी कळलंच नसतं. तुमचंही तसंच असेल, म्हणून या रविवारी स्वतःकडे जरा नीट पाहा. नजर पायांवरून उठून समोर गेली आहे का? तोल गेला तर मागे न पडता गुडघ्यांवरच्या पॅडवर पडता का? कुणी आडवं आलं तरी श्वास रोखला जात नाही ना? या गोष्टींचे व्हिडिओ होत नाहीत, पण शिकणं म्हणतात ते हेच.

आणि तुमचं मूल स्केटिंगला जात असेल, तर घरी आल्यावर "कितवा आलास?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज कुणाला वाट दिलीस?"