पेवातलं भूत

भुतालाही जात असते. मुंज झालेला बामणाचा पोर लग्नाआधी मेला की मुंजा होतो, त्याला राहायला पिंपळ मिळतो. बामण वासना ठेवून मेला की समंध. मुसलमान मेला की खवीस. मेल्यावरसुद्धा गाव माणसाची जात सोडत नाही. अन् आमचा माणूस मेला की? त्याला असलं मानाचं नाव नाही. तो नुसता धरतो, ओढतो, झपाटतो.

मित्रांनो, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी मरीआई, खंडोबा टोपल्यात घालून नदीत सोडले. देव गेले. भुतं मात्र पडक्या गढ्यांत तशीच राहिली. अजून आपल्या वस्तीतली शिकली-सवरली पोरं अवसंला त्या बाजूनं जात नाहीत. त्यांना भित्रं म्हणून भागत नाही. भुताचा तपास करावा लागतो.

पुण्याच्या शनिवारवाड्याचं भूत सगळ्यांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथं गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. वय अवघं अठरा. त्याची हाक अजून रात्री ऐकू येते म्हणतात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, पण भुताचं नाव राहिलं. काकाचं नाव राहिलं. 'ध'चा 'मा' कुणी केला म्हणतात, तेही पोरासोरांना तोंडपाठ. ज्या पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं होतं, तिच्या भुताला इतिहासात जागा आहे. आमच्याकडच्या गढीतल्या भुताला साधं नाव नाही.

ही गढी कंधार तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पांढऱ्या मातीचे चार बुरूज, त्यातले दोन ढासळलेले. लोकांनी ती माती माळवदावर टाकायला नेली. आत सागवानी वाडा, वाड्याला कुलूप, मालकाची पोरं शहरात. मागच्या चौकात जुनं पेव आहे. जमिनीच्या पोटातलं, ज्वारी साठवायचं. गाव सांगतं, त्या पेवात भूत आहे, उतरलेल्याला खाली ओढतं. दोघांना ओढलं.

आम्ही पाच जण वैशाखातल्या अवसंला तिथं झोपायला गेलो. तिघं नांदेडचे, दोघं लातूरचे. सोबत कंदील, टॉर्च, दोर आणि एक वही. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "कामून जिवावर उदार होता रं?"

रात्री दहाच्या सुमाराला छत कडकडायला लागलं. दिवसभर तापलेल्या तुळया निवताना वाजतात. बुरुजाच्या जंग्यांतून वारं शिट्टी घालत होतं. दोन वाजता कुणीतरी किंचाळलं. टॉर्च मारला तर पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड.

झोप कुणालाच नव्हती. लातूरचा एक जण सांगायला लागला, "आमच्याकडं एका बंद वाड्यात खवीस हाय म्हनतात." मग आपलं आपणच म्हणाला, खवीस आला कुठून? सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधी रझाकारांनी गावं जाळली. ॲक्शननंतर सूड निघाला तो साध्या मुसलमानांवर. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, असं सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. माणसं कागदावर आली नाहीत, ती खवीस होऊन बसली. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

उजाडल्यावर पेवावरची फरशी सरकवली. कंदील दोराला बांधून आत सोडला. दोन पुरुष खाली गेला नाही तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथंच विझला.

हेच ते भूत. साठवलेलं धान्य श्वास घेतं, तळाचा पाला कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाला बसतो. दिसत नाही. उतरलेला माणूस चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून मयतं दोन. हे गढीवाल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पेव उघडलं की आधी वाफ जाऊ द्यायची, दिवा सोडून बघायचा, मग माणूस उतरवायचा, ही पेवाची रीतच होती.

मग आम्ही वस्तीतल्या आजीकडं गेलो. मेलेल्यांतला एक तिचा दीर. ती म्हणाली, "भूत कशाचं, लेकरा. बहात्तरचा दुकाळ व्हता. आमी खडी फोडत व्हतो, मिलो खात व्हतो, अन् ह्यांच्या पेवात जवारी. रातीचा येपारी आला. मालक म्हनला, उतर. दीर म्हनला, वाफ जाऊ द्या मालक. मालक म्हनला, गाडी थांबत नाई. उतरला. त्याला काढाया मांगवाड्यातला त्याचा सोबती उतरला. दोघं गेले."

पंचनामा झाला नाही. सकाळी गावात एकच बोली, भुतानं ओढलं. मांत्रिक आला, कोंबडं कापलं, पेवाला शेंदूर फासला. आजीच्या घरी चार पायल्या ज्वारी आली. त्याच पेवातली.

भुतावर गुन्हा दाखल होत नाही. म्हणून मालकाला भूत लागतं.

१८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. शेंदूर घातलेलं तेल पाजून आमची माणसं इमारतींच्या पायात पुरत, असं तिनं त्यात नोंदवलं. पुरंदरच्या बुरुजाची कहाणीही तीच. तिथं नाथनाक आणि देवकाई हे जोडपं पुरलं म्हणतात. त्या कहाणीत निदान नावं तरी राहिली. त्या पोरीनं वाड्याच्या भुताची गोष्ट सांगितली नाही, वाड्याच्या पायाबद्दल जबानी दिली. आपलं काम तिच्या पुढचं आहे.

पेवं आता बुजली, पण उतरवणं थांबलं नाही. आजचं पेव म्हणजे गटार अन् सेप्टिक टँक. उतरणारी माणसं त्याच वस्त्यांतली. पहिला पडतो, काढायला गेलेला दुसरा पडतो. २०१३ चा कायदा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वारसांना दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख. आता भूत म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. मतलब एकच, मालक सुटला पाहिजे. (पेवातला कंदील गटारात सोडू नका. तिथला मिथेन पेट घेतो.)

तेव्हा तुमच्या गावात झपाटलेली गढी असेल, विहीर असेल, तर तिथं एक रात्र काढा. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि चारच गोष्टी विचारा. कोण मेलं? कुणाच्या कामावर मेलं? पंचनामा झाला का? घरच्यांना काय मिळालं? सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.

आमच्या वहीत त्या दोघांची नावं आहेत, बापाच्या नावासकट. इथं छापली नाहीत. आजीची नातवंडं अजून त्याच घराच्या रानात रोजानं जातात. छापायची कधी, ते ती नातवंडं ठरवतील. वही जपून ठेवली आहे.