मधे गाडी सुरू करू नकोस

ट्रॉय, मिशिगन
२२ ऑक्टोबर

चि. बाळू,


काल फोनवर म्हणालास, "मावशी, गाडीची काळजी मिटली. शेजारचा मित्र दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवणार आहे." तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या मित्राचे आभार मान आणि गाडीला हात लावू नकोस, असं त्याला स्पष्ट सांग. ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, मग व्यायाम, म्हणजे एप्रिलपर्यंत तू काही पुण्याहून येत नाहीस. एवढ्या काळात इथे पारा शून्याखाली २० अंशांपर्यंतही जाऊ शकतो.

पुण्यात बंद गाडी अधूनमधून चालू करतात, तेच तुझ्या मनात असणार. पण मिशिगनच्या जानेवारीत उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटांत धड तापतही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं. गार इंजिनात त्यातलं बरंचसं सायलेन्सरमध्ये साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. शिवाय थंडीत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं काही न जळताच ऑइलमध्ये मिसळतं. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं ओढलं, तेवढंही दहा मिनिटांत परत भरेल याची खात्री नाही. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी खेळ. माझी उमेदीची सगळी वर्षं इंजिनांच्या चाचण्यांत गेली, म्हणून हे एवढ्या ठामपणे लिहिते आहे: एकदाच नीट तयारी कर आणि मग गाडी मुक्काट उभी राहू दे.

रस्त्यावर मीठ पडायच्या आत हे उरक. आपल्या डेट्रॉईटच्या पोटातच हजाराहून अधिक फुटांवर मिठाची खाण आहे, त्यामुळे इथे रस्त्यांवर मीठ टाकताना कोणी हात आखडत नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा खात बसतं. गाडी वरून चकचकीत नसली तरी चालेल, पण खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घे आणि पूर्ण वाळू दे.

ऑइल आताच बदल, परत आल्यावर नको. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओलावा असतो, ते बेअरिंगांना लागून पाच महिने राहू नये. मग टाकी जवळजवळ भर आणि पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाल. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं. रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा जास्त मिळते. त्यानंतर हायवेवर अर्धा तास गाडी चालव, म्हणजे स्टॅबिलायझर इंजेक्टरपर्यंत पोचेल आणि सायलेन्सरही कोरडा होईल. तिथून थेट गॅरेजमध्ये.

कूलंटबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. निव्वळ ग्लायकॉल शून्याखाली १३ अंशांच्या आसपासच गोठतं, पण त्यात निम्मं पाणी मिसळलं की ते उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. म्हणून "थंडी फार आहे, जास्त घालू" असं करू नकोस. उन्हाळ्यात तू त्यात नुसतं पाणी घातलं होतंस ना? मग तपासायलाच हवं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्या जोरापुढे इंजिनाचा ब्लॉकही तडकतो.

आता बॅटरी. गाडी बंद असली तरी अलार्म, संगणक, कुलपं थोडी थोडी वीज खात राहतात. समज, ५० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि ६० ची बॅटरी ५० दिवसांत पार रिकामी. खरा धोका त्यानंतर आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल शून्याखाली ५० अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं. ते उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकतं आणि खोकं फुटतं. तुझ्या गॅरेजमध्ये प्लग नाही, म्हणजे मेंटेनर चार्जर लावता येणार नाही. तेव्हा आधी निगेटिव्हची वायर काढ, मग पॉझिटिव्हची, आणि बॅटरी माझ्याकडे आणून दे. मी तळघरात चार्जरवर ठेवीन. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं कोणी सांगेल. जुन्या रबरी खोक्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, आताच्या प्लॅस्टिकच्या खोक्यांना ते लागू नाही.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेव, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की जवळपास १ पीएसआय हवा कमी होते. हँडब्रेक ओढू नकोस, पॅड चिकटून बसतात. गिअर पार्कमध्ये टाक आणि चाकांना लाकडी ठोकळे लाव. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री नको, हवा खेळेल असं कापडी कव्हर घाल.

मला सगळ्यात जास्त काळजी उंदरांची वाटते. पाव इंचाच्या भोकातूनही ते आत शिरतात, एअर फिल्टरमध्ये घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. तुझ्या मागच्या सीटखाली चिवड्याचे शेंगदाणे असणारच, व्हॅक्यूमने कोपरान् कोपरा काढ. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या नळीत स्टील वूलचे बोळे कोंब, काचा पूर्ण बंद कर. पेपरमिंटच्या वासावर माझा विश्वास नाही, सापळे लाव आणि ते मित्राला बघायला सांग. त्याला मदतच करायची असेल तर ही खरी मदत. बोळे कुठे कुठे आहेत, ते कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटव, नाहीतर एप्रिलमध्ये तसंच इंजिन चालू करशील. तेव्हा घरटं सापडलंच, तर झाडू मारू नकोस. इथल्या उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरू शकतो. हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्याने भिजवून मगच पुसून काढ.

विमा मात्र बंद करू नकोस. गाडी उभी असतानाही चोरी आणि आग यांचं संरक्षण लागतं. काही कमी करायचंच असेल, तर आधी कंपनीशी बोल.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये. कूलंट तपासायचं यंत्र आणि स्टील वूल दोन्ही माझ्याकडे आहेत. जेवायला इथेच थांब. ताईसाठी गरम मोजे आणि गुडघ्यावर घालायच्या बर्फाच्या पिशव्या आणून ठेवल्या आहेत, त्या तुझ्या बॅगेत बसतात का तेही बघू.

तुझी,
मावशी